नत्राची ढोली

जिल्ह्याच्या ऑफिसातून आलेलं पत्र डॉ. प्रतिक्षा मेश्राम यांनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ एकच निघाला. लाखनीपासून वीस किलोमीटर आत असलेल्या या गुरांच्या दवाखान्यात द्रवरूप नत्राची, म्हणजे लिक्विड नायट्रोजनची, घट फार होते. गुरुवारी साहेब स्वतः तपासणीला येतील आणि वाटल्यास नत्राचा कंटेनर उचलून लाखनीला नेतील. कंटेनर गेला म्हणजे त्यातल्या कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या रेतमात्राही गेल्या. मग गावात कोणाची गाय माजावर आली, की तिला हायवेवरच्या ट्रकांमधून थेट लाखनीपर्यंत चालवत न्या!

डॉक्टरीणबाईंनी परिचर केवळरामला बोलावलं. "हे बघा केवळरामजी, कंटेनरला हात लावताना हातमोजे आणि चष्मा. खिडकी उघडी. आणि झाकण कधीच घट्ट लावायचं नाही. आतली वाफ बाहेर जाऊ द्यायची. समजलं?"

"समजलं ना, म्याडम."

केवळरामच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत 'समजलं' याचा अर्थ 'ऐकू आलं' एवढाच होता. घट होते म्हणून कंटेनर जाणार, ती घट झाकणाखालून पांढरी वाफ होऊन डोळ्यांदेखत चाललीय, आणि बाई म्हणतात जाऊ द्या! पण बाईंचा तरी काय दोष? नोकरदाराची लेक, तिच्या घरी धानाची ढोली कुठून असणार? केवळरामच्या घरी बांबूची ढोली होती. धान भरलं, की तिचं तोंड शेणमातीनं लिंपायचं. मग सात महिने आत सोंडकिडासुद्धा शिरत नाही.

गुरुवारी सकाळी बाई अडलेल्या म्हशीसाठी शेजारच्या गावी गेल्या आणि केवळरामनं मोहीम हाती घेतली. वारा वाफ ओढून नेतो म्हणून खिडकी लावली. झाकण दाबून बसवलं, त्यावरून सायकलच्या ट्यूबचे चार वेढे आवळले आणि वरून शेणमाती लिंपली. शेणाला दवाखान्यात तोटा नव्हताच. वाफ बंद झाली. केवळरामला स्वतःचंच कौतुक वाटलं.

इतक्यात सत्यभामाबाई गाय घेऊन हजर झाल्या. गाय रात्रीपासून हंबरत होती. मागचे दोन माज वाया गेले होते आणि हाही गेला तर घरातलं दूध यंदा विसरायचं होतं.

"केवळराम, डाक्टरीनबाई कोठी हायेत गा? माही गाय माजावर आली ना!"

"येऊन राहिल्या. पन साहेब आल्याबिगर कंटेनर उघडनार नाही. आताच लिपला."

"लिपला?" सत्यभामाबाई आत आल्या आणि कंटेनर पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "असं लिपतेत का गा? हे पाय, भेग पडली. सूं सूं करून राहिला."

"मघापासूनच करून राहिला."

"सरक तिकडं. बोट फिरवाची रीत असते."

सत्यभामाबाईंच्या हाताची ढोली गावात नावाजलेली. त्यांनी एकेक भेग बुजवली, कडा गुळगुळीत केली. सूं सूं थांबलं. दोघंही समाधानानं बघत उभे होते, तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. पांढऱ्या शर्टातले साहेब, त्यांचा ड्रायव्हर मंगेश आणि वाटेत भेटलेल्या डॉक्टरीणबाई दारात आल्या.

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहिली, शेण पाहिलं आणि त्या किंचाळल्या, "बाहेर! सगळे आधी बाहेर!"

"म्याडम, पन वाफ तं पुरी बंद..."

"म्हणूनच! पळा!"

पाचही जण अंगणात पोचतात न पोचतात तोच धडाम आवाज झाला. झाकण छपराचा पत्रा फोडून वर गेलं आणि कडुलिंबात अडकलं. सबंध शेणमाती उघड्या दारातून बाहेर आली आणि साहेबांच्या शर्टावर स्थिरावली.

बाईंनी बाहेरूनच काठीनं खिडकी ढकलली. "पंधरा मिनिटं कोणी आत जायचं नाही. बंद खोलीत नत्र साचलं की श्वासाला हवाच उरत नाही."

"वास येईल ना पण?" साहेबांनी शर्ट झटकत विचारलं.

"नाही सर. वास नाही, काही नाही. कळायच्या आत माणूस खाली पडतो."

साहेब चार पावलं मागे सरकले.

वेळ भरल्यावर बाई हातमोजे, चष्मा घालून आत गेल्या. नत्र मोजायची पट्टी बुडवून पाहिली. नत्र पुरेसं होतं, रेतमात्रा शाबूत होत्या. त्यांच्या जिवात जीव आला. पण साहेबांचा निर्णय झाला होता.

"हा कंटेनर इथे एक मिनिट राहणार नाही. मंगेश, गाडीत ठेव. आत्ता लाखनीला."

केवळरामचा चेहरा पडला. "साहेब, चूक माही हाये. मले सस्पेंड करा, पन कंटेनर नोका नेऊ."

सत्यभामाबाईंनी गाईच्या पाठीवर हात ठेवला. "आन् भेगा म्या बुजवल्या, साहेब."

"मी नाही बसत त्याच्यासंगं," मंगेश म्हणाला. "छपराकडं पाहा ना साहेब."

साहेबांनी छपराकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "गाडीत न्यायचा म्हणजे... कसा नेतात?"

"एसी बंद, चारही काचा खाली," बाई म्हणाल्या. "आणि मागे कोणीतरी शेजारी बसून धरून ठेवावा लागतो."

"कोणीतरी म्हणजे?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं.

"मॅडम, आता तरी धोका नाही ना?"

झाकण सैल ठेवलं, काचा उघड्या ठेवल्या, की धोका नव्हता. बाईंनी स्वतः मागच्या महिन्यात कंटेनर असाच गुडघ्याला टेकवून आणला होता. सांगायला त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर सत्यभामाबाई उभ्या होत्या, गाय हंबरत होती आणि केवळराम मान खाली घालून बोटांचं शेण खरवडत होता.

"सांगता येत नाही, सर," बाई म्हणाल्या.

साहेबांनी तिथेच, उभ्या उभ्या तपासणीच्या वहीत लिहिलं: कंटेनर हलवणे जोखमीचे, आहे तेथेच ठेवावा. खाली सही ठोकली.

गाईचं काम दहा मिनिटांत झालं. साहेबांची गाडी रिकामीच परत गेली, पण चारही काचा खाली करून.