तारेवरचा सत्यनारायण

"पूजा मशीनची मा? मगे मशीन जंय आसा, थंयच मांडूया," शेवंतीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या इंजिनियर मुलाचं, गुणाजीचं, काही चाललं नाही.

मुलुंडच्या आग्रा रोडवरच्या नाक्यावर गुणाजीने आपोआप चालणारा सिग्नल बसवला होता. गल्लीच्या तोंडाशी डांबराखाली तार पुरलेली. तिच्यावर गाडीचं लोखंड आलं की गल्लीला हिरवा, गल्ली रिकामी की मोठ्या रस्त्याला हिरवा. उगाच थांबणं नाही, धूर नाही. हे त्याने चाळीत इतक्यांदा सांगितलं होतं की शेजारी त्याला बघून दार लोटून घेत. आज मोठे साहेब येणार होते. सिग्नल नीट चालला तर पुढचे सगळे नाके गुणाजीकडेच येणार होते.

गल्ली बंद करून ऐन तारेवर सत्यनारायण मांडला. नवं डांबर पायाला चिकटत होतं, म्हणून गुणाजीने स्वतः भलामोठा लोखंडी पत्रा आणून चौरंगाखाली अंथरला.

साहेबांनी बटण दाबलं. गल्लीला हिरवा मिळाला आणि तो काही जाईना. मोठ्या रस्त्यावर बस, ट्रक, रिक्षा धूर ओकत तुंबल्या. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"गल्लीत गाडी कुठंय हो?"

"नाहीये साहेब."

"मग हिरवा कुणाला दिलाय? भटजींना?"

गुणाजीचं लक्ष पत्र्याकडे गेलं आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एवढा शिकलेला माणूस, आणि हे आपल्याच हातून व्हावं! धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तरी तो म्हणाला, "मशीन जरा तापलंय, साहेब."

मग तो आईच्या कानाशी लागला. "आई, पूजा थोडी बाजूला घेऊया गं."

"मांडलेली पूजा हलवतत? अजून तीन अध्याय आसत!"

"वाट लागली यार!" म्हणत हवालदार अंबादास शिट्टी फुंकत रस्त्यात उतरला. ड्रायव्हर सिग्नल बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत होते आणि गुणाजी मान खाली घालून कथा ऐकत होता.

शेवटी आरती झाली, पूजा उचलली, पत्रा हलला. त्याच क्षणी मोठ्या रस्त्याला हिरवा लागला.

"देव पावला!" लोक ओरडले. साहेबांनीही हात जोडले. "गुणाजी, पुढच्या प्रत्येक सिग्नलला हीच पूजा. अशीच, पत्रा घालून."

"पत्रा नको साहेब, लाकडी फळ्या घेऊ."

"का?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण लाजेने ते तिथेच अडलं. "आई म्हणते, देवाखाली लोखंड चालत नाही."

"मी खंय म्हटलंय?" शेवंतीबाई प्रसाद वाटता वाटता कडाडल्या. "पत्रो तूच हाडलस मा!"

प्रसादाचा घास साहेबांच्या तोंडाशीच थांबला. त्यांनी बाजूला काढलेल्या पत्र्याकडे पाहिलं, तार पुरलेल्या डांबराकडे पाहिलं आणि मग गुणाजीकडे पाहिलं.

"पुढच्या नाक्यावर आईंना जरूर पाठवा," ते म्हणाले. "तुम्ही नाही आलात तरी चालेल."