आबांच्या खुर्चीची बोली

या मंडळी, जवळ सरकून बसा. दारातल्यांनी आत या, कोपऱ्यातल्यांनी पुढे या. एका खुर्चीची गोष्ट सांगतो. हसू आलं तर दाबू नका, आणि डोळा ओलावला तर तेही देवाचंच देणं समजा.

ही खुर्ची आमच्या दादांच्या केस कापायच्या दुकानातली. ओतीव लोखंडाचा पाया, लाल चामड्याची बैठक, मागे मान टेकायला उशी आणि बाजूला एक दांडा. दांडा ओढला की गिऱ्हाईक अलगद आडवं व्हायचं. दादांचे वडील आबा उभी हयात या खुर्चीच्या मागे उभे राहिले. ते म्हणायचे, "जगात कोणापुढे न वाकणारा माणूससुद्धा इथं बसला की मुकाट्याने डोकं खाली करतो. मग आपण त्याचं डोकं देवासारखं सांभाळायचं." आबा गेले, खुर्ची दादांकडे आली. दादांचे गुडघे थकले, तेव्हा दुकान चिरंजिवांकडे गेलं.

चिरंजिवांनी दुकान नवं केलं. गुळगुळीत भिंती, चकचकीत आरसे, दोन नव्या खुर्च्या. आता आबांच्या खुर्चीचं काय? मुलगा बिचारा चाचरत विचारायला आला, तर दादांचा ताठा आडवा आला.

"विकून टाक रे! मी काय जुनं कवटाळून बसणारा माणूस आहे?"

ते म्हणाले म्हणून त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "विका." दोघं म्हणाले म्हणून मुलाने खुर्ची जुन्या वस्तूंच्या लिलावात दिली. त्या रात्री घरात तिघंही 'बरं झालं, अडचण गेली' असं म्हणाले आणि तिघंही न जेवता उठले.

लिलावाच्या दिवशी दादा म्हणाले, "मी जरा फिरून येतो." काकू म्हणाल्या, "मी बहिणीकडे जाते." मुलगा म्हणाला, "मला दुकानातून हलता येणार नाही."

दादा थेट लिलावाच्या दालनात. डोक्यावर कानटोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. नुसतं बघायचं, खुर्ची चांगल्या घरी पडते का, एवढंच. पण हातात क्रमांकाची पाटी असल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून पाटी घेतली. खांबाआड बसले.

खुर्ची मंचावर आली. लिलाववाले साहेब म्हणाले, "जुनी खुर्ची. चामड्याला भेगा. दांडा किंचित अडतो."

"अडत नाही," दादा पुटपुटले. "ओढायची रीत आहे त्याला."

पुढच्या रांगेत बसलेल्या एका रोपवाटिकेवाल्याने पाटी वर केली. शेजाऱ्याला मोठ्याने सांगत होता, "बागेच्या दाराशी मस्त दिसेल! बैठकीवर मोठी कुंडी, दोन्ही हातांवर वेल सोडायचे."

कुंडी! आबांच्या खुर्चीवर शेणखत! दादांचा हात त्यांना न विचारताच वर गेला.

"मागच्या टोपीवाल्यांची बोली!"

तेवढ्यात डावीकडून, दुसऱ्या खांबाआडून, डोक्यावरून पदर घेतलेल्या कोणा बाईंची पाटी वर झाली. पाठोपाठ फोन कानाला लावून उभी असलेली मुलगी म्हणाली, "फोनवरच्या साहेबांची त्याहून जास्त!"

रोपवाटिकेवाल्याने कपाळाला हात लावला आणि पाटी खाली ठेवली. त्याला काय ठाऊक, खरी लढाई आता सुरू होते आहे!

टोपी चढली की पदर चढायचा, पदर चढला की फोन चढायचा. दालनात कुजबुज सुरू झाली. "नक्की एखाद्या संस्थानिकाची खुर्ची आहे." चांदीच्या अत्तरदाण्या घ्यायला आलेली बडी मंडळी माना उंचावून बघू लागली. दादांची छाती कोटात मावेना. 'आबा, बघा! जगात पारखी माणसं आहेत अजून!' अंगात असं वारं भरलं, की एवढे पैसे आणायचे कुठून हा विचार जवळ फिरकेना.

दिवसातली सगळ्यात मोठी बोली दादांची झाली. साहेबांनी हातोडी उचलली. "एक वार... दोन वार..."

"थांबा!" फोनवाली मुलगी ओरडली. "ते साहेब म्हणतायत, जरा दम धरा, बोली वाढवायची आहे. पण त्यांच्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालीय आणि उरलेला फेस वाळत चाललाय."

दादा ताडकन उठले. दाढी करता करता हीच खुर्ची मागणारा दुसरा कोण असणार! "अर्ध्या दाढीत फोन? आबांच्या दुकानात? त्या गाढवाला सांगा, आधी दाढी पुरी कर, मग बोली लाव!"

दुसऱ्या खांबाआडून पदर सरकला. "अगंबाई! अहो, तुम्ही?"

"तू बहिणीकडे गेली होतीस ना?"

"आणि तुम्ही फिरायला!"

फोनमधून बारीक आवाज आला, "आई? बाबा?"

दालनात असा हशा उसळला की अत्तरदाण्या किणकिणल्या. साहेबांनी मात्र चष्मा पुसला. "ज्याची वस्तू, त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी बोली लावायची नाही, हा इथला नियम आहे. तुम्हा तिघांच्याही बोली रद्द. खुर्ची पहिल्या गिऱ्हाइकाची." हातोडी पडली. कुंडीवाला जिंकला.

दादा मटकन बसले. पण काकू म्हणजे काकू! पदर खोचून सरळ रोपवाटिकेवाल्याकडे गेल्या. "भाऊ, खुर्ची तुमचीच. नेण्याआधी एकदा बसून तर बघाल?"

भाऊ बसले. दादा उठले, मंचावर चढले, रीतीप्रमाणे दांडा आधी किंचित दाबून मग ओढला. खुर्ची लोण्यासारखी मागे गेली. दादांची बोटं भाऊंच्या डोक्यावर फिरू लागली. आबांनी शिकवलेली बोटं ती. पुढची अत्तरदाणी पुकारेपर्यंत भाऊ घोरायला लागले होते.

जागे झाले तेव्हा म्हणाले, "कुंडी? छे हो! हिच्यात मी बसणार." मग दांड्याकडे बघितलं, दादांच्या हातांकडे बघितलं आणि डोकं खाजवलं. "पण नुसती खुर्ची नेऊन काय करू? असं करा, दुकानातच राहू दे तिला. मालक मी. मी आलो की रांग नाही, आणि डोक्याला हात तुमचा."

नव्या खुर्च्यांपैकी एक परत गेली. आबांची खुर्ची जागेवर आली. भाऊ येतात तेव्हा राजासारखे बसतात आणि मालक असूनही मुकाट्याने डोकं खाली करतात.

दादा हल्ली रोज दुकानात असतात. नवं गिऱ्हाईक आलं की सांगतात, "जपून बसा. त्या दिवशी अख्ख्या लिलावात सगळ्यात मोठी बोली हिच्यावर लागली होती."

"कोणी लावली हो?"

"होती काही दर्दी मंडळी," दादा म्हणतात, आणि काकू पदरात तोंड लपवून हसतात.

तर मंडळी, गोष्ट संपली. उद्या कुठल्याही गावात, कुठल्याही दुकानात, मानेभोवती कापड बांधून कोणी म्हणेल, "जरा खाली बघा." तेव्हा खाली बघता बघता आमच्या आबांची एक आठवण काढा.