दोन टेबलांची व्याहीभेट जाहली त्याची हकीकत

राजूरच्या गणरायास वंदन करोन, आणि ज्यांची नावे यात आली त्यांची आगाऊ माफी मागोन, ही हकीकत लिहिली जाते. शके एकोणीसशे वीस, बहुधान्य नाम संवत्सरी, पौष वद्य पक्षी, म्हणजे इंग्रजी सन एकोणीसशे नव्याण्णवच्या जानेवारीत, कसबे जालना येथे मस्तगडाजवळ एका धर्मादाय संस्थेच्या दिवाणखान्यात मोठी मोहीम जाहली. व्यसन आणि मनाचे दुखणे एकाच माणसास जडते, तेव्हा दोन्हींचा इलाज करणारांनी मिळोन मिसळोन काम करावे, हे शिकविण्यास तीन दिवसांचा प्रशिक्षण वर्ग भरला. मिळोन मिसळोन बसण्यास आपली जागा मात्र कोणी सोडीना.

त्या दिवाणखान्यात पूर्वेच्या भिंतीस व्यसनमुक्तीचे समुपदेशक राजमान्य राजश्री बद्रीनाथराव यांचे टेबल, आणि पश्चिमेच्या भिंतीस मनोविकारांचे डॉक्टर साहेबराव यांचे टेबल. दोघेही मातबर, दोघेही आपापल्या हुन्नरात वाकबगार, आणि सहा वर्षांत दोघांची बोलचाल काय ती चहापुरती. मध्ये अठ्ठावीस पावलांचे रण पडले होते. त्या रणात शहागडचा वसंता, ट्रकांवर ताडपत्र्या बांधणारा, वर्षभर येरझारा घालीत होता. तो दारू पिई, आणि त्याच्या कानी न दिसणारे कोणी हाक मारी. पूर्वेकडून हुकूम होई, आधी कानातले आवाज बंद करोन यावे. पश्चिमेकडून फर्मान सुटे, आधी दारू सोडोन यावे. मग वसंता बिचारा घरी जाई, आणि दारू पिऊन आवाज ऐके.

त्यास या खेपेस सोबत घेऊन आल्या त्या शहागडच्या आरोग्यसेविका चतुराबाई. बाई अंगाने किरकोळ, परंतु पोलिओच्या मोहिमेत त्यांच्या तावडीतून एकही लेकरू सुटले नव्हते, आणि कडब्याच्या गंजीत लपलेलेही हुडकोन त्यास डोस पाजिला होता. दोन दिवस त्यांनी हार, नारळ, प्रास्ताविक आणि आभार निमूट सोसले, कारण तिसऱ्या दिवशी खऱ्या रुग्णावर प्रात्यक्षिक व्हावयाचे होते. परंतु प्रात्यक्षिकातही वसंता पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे चार वेळा रवाना जाहला, आणि मग तो थेट दाराशी जाऊन आपल्या चपला शोधू लागला.

"बाई, मी चाललो," तो म्हणाला. "तीनच्या गाडीनं जातो. आता परत न्हाई येनार. बिलकुल न्हाई."

चतुराबाई दार अडवोन उभ्या राहिल्या. हा आज गेला तर हातचा गेला, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

"अर्धा घंटा दे मला," त्या म्हणाल्या. "न्हाई जमलं तर मी सोता तुला गाडीत बसवून देते."

तो उंबऱ्यावर बसला. इकडे वर्गाचे गुरू रामराव यांनी आज्ञा केली की दोन्ही टेबले एकत्र लावावी. बद्रीनाथरावांनी जबाब दिला की आमची हरकत नाही, त्यांनी यावे. साहेबरावांनी जबाब दिला की आमचे स्वागतच आहे, त्यांनी यावे. मग रामरावांनी फळ्यावर वर्तुळे काढिली, वर्तुळांत वर्तुळे अडकविली, चोहीकडोन बाण मारिले, आणि तरी दोन्ही फौजा जागच्या जागी. चतुराबाईंनी हे पाहिले आणि मनाशी ओळखिले की हे शास्त्र नव्हे, हे व्याही आहेत. त्यांनी चार नणंदांची आणि सहा पुतण्यांची लग्ने निभावली होती. रुसलेला व्याही शहाणपण सांगितल्याने उठत नाही, मान दिला की उठतो.

"दोघांनी मधात यायचं," त्यांनी जाहीर केले. "चौदा पावलं इकडून, चौदा तिकडून. बराबर. व्याहीभेट असती तशी."

हे ऐकताच दोन्ही सरदारांचे चेहरे खुलले, कारण चौदा पावलांत कोणाचीच इभ्रत जात नव्हती. पूर्वेचे टेबल चौघांनी उचलिले, पश्चिमेचे चौघांनी, आणि बाई पावले मोजू लागल्या. नवव्या पावली पूर्वेकडचे पाऊल आखूड पडल्याचा बोभाटा जाहला, आणि मग साऱ्या फौजा माघारी नेऊन मोजणी नव्याने करावी लागली. दुसऱ्या खेपेस टेबले धाडकन भिडली, आणि काय अनर्थ पाहावा, पश्चिमेचे टेबल चार बोटे उंच! बद्रीनाथरावांचे तोंड उतरले. परंतु बाईंनी वर्गाच्या जाडजूड पुस्तिका मागवोन पूर्वेच्या पायांखाली दोन-दोन सारिल्या, आणि टेबले समतल जाहली. तीन दिवसांत त्या पुस्तिकांचा उपयोग जाहला तो इतकाच. गुलाल नव्हता म्हणोन गुलाबी खडू कुटोन दोघांच्या कपाळी लाविला, आणि मग दोघे उराउरी भेटले, आणि रामरावांनी आपली वर्तुळे गुपचूप पुसली.

तीन वाजण्यास दहा मिनिटे उरली असता वसंतास खुर्चीवर बसविले. दोघांनी आपापले कागद काढिले, आणि आधी कोणी विचारावे हे ठरले नव्हते, म्हणोन दोघांनी एकाच दमात सवाल केला. बद्रीनाथरावांनी विचारिले, दारू कधीपासून. साहेबरावांनी विचारिले, आवाज कधीपासून.

वसंताने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले.

"एकाच दिवसापासून, साहेब," तो म्हणाला. "भाऊ गोदावरीत बुडाला त्या दिवशीपासून. तो हाका मारून राह्यला, अन् मला ऐकू येऊ नाही म्हनून मी पिऊन राह्यलो."

दोन्ही सरदारांनी आपापल्या कागदावर नजर टाकिली. पूर्वेच्या कागदावर तीन वर्षांमागचा आषाढ लिहिला होता, आणि पश्चिमेच्या कागदावरही तोच आषाढ. वर्षभर ते दोन कागद एकाच छताखाली पडोन होते. साहेबरावांनी आपला कागद पुढे सरकविला, बद्रीनाथरावांनी आपला, आणि दोघांची डोकी एकत्र वाकली. चतुराबाई भिंतीकडे तोंड करोन पदराने डोळे पुसू लागल्या, आणि कोणी विचारता, खडू गेला म्हणाल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तीनची गाडी वसंतावाचोन गेली, त्याचा इलाज त्या दिवशी दोघांनी मिळोन ठरविला, आणि तो दर पंधरवड्यास येऊ लागला. मध्ये दोनदा प्याला, तरी आला. वर्ग आटोपल्यावर टेबले पूर्ववत भिंतींस न्यावी अशी संस्थेची ताकीद आली. बद्रीनाथराव म्हणाले, आधी त्यांनी मागे सरावे. साहेबराव म्हणाले, आधी त्यांनी. हा वाद आज पाच वर्षे चालू आहे, आणि टेबले तसूभर हललेली नाहीत. चतुराबाईंनी हा वाद कृपा करोन मिटवू नये, अशी समस्त रुग्णांची त्यांस विनंती आहे.