नऊ आकड्याची माणसं

“शब्द बेइमान असतात. आकडा कधी खोटं बोलत नाही!”

चनमल्लप्पा मास्तर हे वाक्य दिवसातून निदान चार वेळा म्हणत. शाळेत फळ्यापुढं म्हणत, तेव्हा पोरं पाटीवर मास्तरांच्या मिशा काढत. घरी म्हणत, तेव्हा अंबुबाई मांडीवरच्या तान्हीला थोपटत नुसतं “हं” म्हणे. असा “हं” ती मांजरालाही म्हणे आणि दारावर आलेल्या बोहारणीलाही म्हणे. पण मास्तरांचा समज असा, की बायकोला गणित पटलं!

तर या मास्तरांनी दोन वर्षं खपून बगले घराण्याचा सात पिढ्यांचा वृत्तांत लिहिला. “सोलापुरात गिरण्या झाल्या, म्युनिसिपालटी झाली, पण बगल्यांचं पुस्तक अजून झालं नाही!” असं ते अशा हळहळीनं सांगत, की ऐकणाऱ्याला आपल्या हातूनच काही पाप घडल्यासारखं वाटावं. अक्कलकोटपासून सांगोल्यापर्यंतच्या भाऊबंदांना त्यांनी पत्रं घातली. प्रत्येक पुरुषाचं नाव आणि नावापुढं तो काय होता, काय झाला, हे सगळं वहीत उतरवलं आणि वही बगलेत मारून नरसय्याचा छापखाना गाठला.

नरसय्या जातीचा विणकर. पण माग सोडून छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागला, त्याला तीस वर्षं झाली होती. त्यानं दोन पानं जुळवली आणि तिसऱ्या दिवशी तो कपाळाला हात लावून मास्तरांच्या दारात उभा!

“मास्तर, तुमच्या घराण्यात मेलेले लई हायत!”

“मग? थोडे कमी मारू?”

“तसं न्हाय. पण एवढ्या ‘निवर्तला’ला मी खिळे कुटनं आणू? दुसऱ्या पानालाच ‘र्त’च्या घरात खडखडाट झाला की! आकडे मागा, पायजे तेवढे देतो. पंचांग छापतो न्हवं आमी!”

आकडे! मास्तरांचे डोळे असे चमकले, जणू शाळा तपासायला आलेल्या साहेबानं पाठ थोपटली! त्यांनी तिथंच उंबऱ्यावर बसून एक सूची केली. नावापुढं नुसता आकडा घालायचा. आकड्याचा अर्थ पहिल्या पानावर एकदाच द्यायचा. जागा वाचेल, खिळे वाचतील आणि वाचणाऱ्याच्या बुद्धीला जरा व्यायाम!

“एक म्हणजे सांप्रतचा कर्ता पुरुष,” त्यांनी अंबुबाईला वाचून दाखवलं. “दोन म्हणजे पंच. तीन व्यापारी. चार मास्तर, म्हणजे मी! पाच तालीमबाज. सहा दत्तक गेलेला. सात बेपत्ता. आठ निवर्तला.”

“आणि नऊ?”

“नऊ म्हणजे कुटुंब.”

“म्हणजे मी नऊ?”

“तू, काकू, आई, आजी, पणजी... लग्न होऊन घरात आलेली प्रत्येक बाई नऊ. नाव घालायलाच नको! अख्खा एक फर्मा, म्हणजे आठ पानं वाचतात.”

“मेलेल्यांच्याही मागं आम्ही?”

“ते आधीपासून घरात होते ना!”

“मग पुरुषांचीही नावं गाळा. आणखी एक फर्मा वाचेल.”

“वेडी का काय! नाव नसलं तर चार कोण, हे कळणार कसं?”

“हं,” अंबुबाई म्हणाली. तान्हीनं मात्र वहीवर दूध टाकलं. ती मुलगी लहानपणापासूनच हुशार.

आता या पुस्तकाची घाई का होती, तेही सांगितलं पाहिजे. मास्तरांची धाकटी बहीण नीलव्वा लग्नाची होती. वडील सिद्रामप्पा आठ वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून सगळा भार मास्तरांवर आणि घरचे कर्ते म्हणून चुलते गुरुबसप्पा काकांवर. पोरगी गुणाची, हाताला चव. तरी दोन स्थळं ठरता ठरता मोडली होती. कारण एकच, रेवणप्पा! हा काकांचा धाकटा भाऊ. पंधरा वर्षांपूर्वी बाजारात गुळाची ढेप आणायला म्हणून गेला, तो अजून यायचा होता. दोन्ही वेळा घरच्यांनी “काशीला असतात” म्हणून सांगितलं, आणि दोन्ही वेळा सोयऱ्यांना खरी गोष्ट बाहेरून कळली. दुसऱ्या वेळी नीलव्वा आठ दिवस नीट जेवली नव्हती, हे अंबुबाईनं पाहिलं होतं.

आता तिसरं स्थळ आलं होतं बार्शीचं. धान्याचे व्यापारी शिवयोगीशेठ. त्यांनी कळवलं, “घराणं बघून मग बोलू.”

“घराणं बघायचंय ना? छापूनच दाखवतो!” मास्तर म्हणाले. “आणि यंदा लपवायचं नाही हं! रेवणप्पापुढं सात लिहायचा. खोटंही नाही, आणि चटकन कुणाला कळतही नाही!”

छापखान्याची रीत अशी, की आतली पानं आधी छापायची आणि पहिलं पान सगळ्यात शेवटी. एक फर्मा छापून झाला, की त्याचे खिळे सोडवून पुढच्या फर्म्याला घ्यायचे. आतल्या पानांची प्रुफं मास्तरांनी तीन तीनदा तपासली. एक आकडा इकडचा तिकडं होऊ दिला नाही. राहिलं पहिलं पान.

“तेवढं पान बघून या की,” अंबुबाई म्हणाली.

“ती सूची केली कुणी? मी! मला झोपेत विचार, घडाघडा म्हणून दाखवीन!”

“झोपेत तुम्ही घोरता.”

पण मास्तर गेले नाहीत. त्यांना त्या दिवशी फेटा रंगवायला टाकायचा होता.

समारंभ काकांच्या सोप्यात झाला. जाजमं अंथरली, गव्हाची हुग्गी शिजली, भाऊबंद जमले. बार्शीच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडीला येऊन, तिथून मोठ्या गाडीनं शिवयोगीशेठ आणि त्यांच्या पत्नी गौरव्वा आले. गौरव्वा ठसठशीत, नाकावर चष्मा. बसल्या त्या अशा, जणू जाजम त्यांचंच. नरसय्यालाही बोलावलं होतं. मास्तरांनी त्याला फेटा बांधला, मग भाषण केलं, मग पुस्तकं वाटली.

प्रत्येकानं काय केलं? जे आपण सगळेच करतो ते! आधी आपलं नाव शोधलं. मग नावापुढचा आकडा पाहिला. मग अर्थ बघायला पहिलं पान उलटलं. असा फडफडाट झाला, जणू कबुतरांच्या खुराड्यात मांजर शिरलं!

पहिला उठला धोंडप्पा. हा मास्तरांचा चुलतभाऊ, रोज हजार बैठका मारणारा, तालमीत कानांच्या पुऱ्या झालेला.

“मी पंच? मला कवा निवडलं? आदी सांगायचं न्हवं, कोट घालून आलो असतो!”

शेजारी सत्तरीचे मलकण्णा आण्णा बसले होते. खरे पंच ते. भाकरी मोडतानाही त्यांना धाप लागे. ते चष्मा पुसून पुन्हा बघू लागले. “अन् मी... तालीमबाज?”

“यव्वा!” आतून त्यांच्या म्हाताऱ्या बायकोचा आवाज आला. “आता ह्या वयात लंगोट शिवून देऊ का काय!”

सोपा हसून लोटपोट झाला. गुरुबसप्पा काकाही हसले. मग त्यांनी पुस्तक धोंडप्पापुढं धरलं. “माझं वाच रं. मी एक असणार.”

“व्हय काका, एकच हाय. एक म्हंजे... म्हंजे...”

“बोल की!”

“कुटुंब.”

काकांच्या मिशा थरथरल्या. “कुणाचं?”

“ते न्हाई दिलं.”

हसणं असं बंद झालं, जसा गिरणीचा पट्टा तुटावा! आत काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मास्तरांनी झडप घालून पहिलं पान उघडलं. सूची होती. शब्द तेच होते. पण पहिला ‘कुटुंब’, मग ‘तालीमबाज’, मग ‘दत्तक गेलेला’...

“नरसय्या! हे काय केलंस?”

नरसय्या नवा फेटा सावरत उठला. आपलं कौतुक अजून संपलं नाही, अशीच त्याची समजूत.

“यादी न्हवं का मास्तर? तुमी लिवली होती कशीबी! आदी स, मग प, मग व! म्युनिसिपालटीच्या मतदारांची यादी मी लावतो, व्यापाऱ्यांची लावतो. यादी म्हंजे क पासनं सुरू व्हायला पायजे. मी अकारविल्हे लावली, आन् वर एक दोन तीन पुन्हा नीट घातले. तुमाला दाखवायचं तरी कशाला, म्हटलं, एवढं आपल्या पदरचं!”

“आणि आतले आकडे?”

“ते छापून झाले की. खिळे सोडले. आता त्यात पंचांग हाय.”

एवढ्यात शिवयोगीशेठांनी घसा खाकरला. आतापर्यंत ते बोट फिरवत मुकाट्यानं वाचत होते.

“मुलीचे वडील सिद्रामप्पा. आठ. आठ म्हंजे व्यापारी. अहो, मग ते व्यापार करतात, तर आज भेटायला का आले न्हाईत?”

मास्तर घाईनं पुढं सरसावले.

“अन् मुलीचा भाऊ चनमल्लप्पा. चार. चार म्हंजे निवर्तला.” त्यांनी मास्तरांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग सकाळपासून आमाला पुस्तक समजावून सांगतोय, त्यो कोण?”

“मीच तो! म्हणजे मी मेलो नाही! वडील मेलेत! म्हणजे आकडे बरोबर आहेत, सूची चुकली!” मास्तरांची मास्तरकी जागी झाली. चूक दिसली की फळ्यावर दुरुस्त केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. ते मधोमध उभे राहून खडा आवाज लावून सांगू लागले. “ऐका! चार म्हणजे मास्तर. पाच म्हणजे तालीमबाज. सहा म्हणजे दत्तक गेलेला. सात म्हणजे...”

आणि सातवर गाडी रुळावरून उतरली.

“सात म्हंजे काय?” शेठांनी पान उलटलं. “हितं एकच हाय सात. रेवणप्पा. छापलंय तर ‘मास्तर’. खरं काय?”

मास्तरांनी काकांकडं पाहिलं. काकांनी छताकडं पाहिलं. छताला काही सुचलं नाही. “ते... काशी...” काकांनी सुरुवात केली.

अंबुबाई तान्हीला कडेवर घेऊन आतल्या दाराशी उभी होती. तिच्या शेजारी नीलव्वा, हातात हुग्गीच्या वाट्यांचं ताट. ताटातल्या वाट्या एकमेकींवर बारीक किणकिणत होत्या. बाकी कुणाला ते ऐकू येत नव्हतं.

“सात म्हणजे बेपत्ता,” अंबुबाई म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. तान्हीनंही आईच्या तोंडाकडं पाहिलं.

“पंधरा वर्षं झाली. गुळाची ढेप आणायला गेले, ते आले नाहीत. का गेले, कुणाला ठाऊक नाही. काशीला नाहीत. आधी दोन ठिकाणी लपवलं, दोन्ही मोडली. आता तिसऱ्यांदा लपवायचं, तर पुस्तक तरी कशाला छापलं?”

काकांच्या कपाळावर शीर उभी राहिली. मास्तर खरोखरच निवर्तल्यासारखे दिसू लागले. शिवयोगीशेठांनी पुस्तक मिटलं आणि मान वळवून बायकोकडं बघितलं.

गौरव्वांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

“एकच गेला व्हय? आमच्यातले दोघं गेले. त्यातला एक परत आला, त्योच खरा तरास!”

सोप्यात कुणीतरी श्वास सोडला. बहुतेक सगळ्यांनीच. पण गौरव्वांचं बोट अजून पुस्तकात होतं.

“मला दुसरंच इचारायचंय. ह्यो नऊ कोण? पानापानावर हाय, अन् नाव कुटंच न्हाई. सूचीत बघितलं, तर नऊ म्हंजे सांप्रतचा कर्ता पुरुष! मी मोजले. त्रेपन्न! एका घरात त्रेपन्न कर्ते पुरुष?”

“ते आम्ही,” अंबुबाई म्हणाली. “बायका.”

“अन् नावं?”

“नावं नाहीत. आकडाच.”

गौरव्वा काकांकडं वळल्या. “गुरुबसप्पा, तुमच्या आजीचं नाव काय हो?”

“आजी? आजी म्हंजे...” काकांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “आमी तिला आजीच म्हणत होतो की!”

“लाडू कुणाच्या हातचे खाल्ले, ते तरी आठवतं का?”

“लाडू आठवतात,” काका पडेल आवाजात म्हणाले.

“मग ऐका. पोरगी मला पसंत हाय. पण लग्नाच्या आदी ह्या पुस्तकात बायकांची नावं पडली पायजेत. सासरच्या पुस्तकात आकडा, अन् माहेरच्या पुस्तकात तर लेकींना आकडाबी न्हाई. मग माझी सून हाय तरी कुटं? रेवणप्पासारखी बेपत्ताच म्हणा की!”

नीलव्वाच्या हातातलं ताट अंबुबाईनं वेळेवर धरलं, म्हणून वाट्या वाचल्या. डोळ्यांतलं पाणी मात्र दोघींचंही सांडलं.

काकांना पुरुषांची थोडी तरी इभ्रत राखायची होती. त्यांनी फेटा सारखा केला. “ते खरं. पण शेठ काय म्हणतात?”

“मी?” शिवयोगीशेठांनी हुग्गीची वाटी पुढं ओढली. “आमच्या घरातला नऊ नंबर बोलला की!”

पुढचे पंधरा दिवस मास्तर शुद्धिपत्राच्या मागं होते. पुन्हा गावोगाव पत्रं गेली. त्रेपन्नातली एकोणचाळीस नावं सापडली. चौदा बायकांनी बगल्यांच्या घरात जन्मभर भाकऱ्या थापल्या आणि नाव कुणालाच सांगता येईना. तिथं रेघा मारल्या. नरसय्यानं रेघांसाठी पितळेची पट्टी कापून ठेवली. यादी मात्र लावू नकोस, अशी शपथ मास्तरांनी त्याला सिद्धेश्वराची घातली.

शुद्धिपत्र लिहून झालं त्या दिवशी सकाळी मास्तर कोट घालून, टोपी आणि कागद हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“काय?” तव्यावरची भाकरी उलटत अंबुबाईनं विचारलं.

“छापखान्यात जाऊ का?”

“मला काय विचारताय? घरचे पुरुष तुम्ही!”

“शुद्धिपत्र अजून छापलं नाही,” मास्तर टोपीला म्हणाले. “तोवर पुस्तकाप्रमाणं कर्ता पुरुष तूच. आकडा कधी खोटं बोलत नाही.”

“हं,” अंबुबाई म्हणाली. पण या वेळी हसून म्हणाली. “पहिलं पान डोळ्यांनी बघून या. आणि येताना गुळाची ढेप...”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

“नको,” ती घाईनं म्हणाली. “गूळ राहू दे. तुम्ही नुसते परत या!”