बिरूची खुर्ची

आमचे कांबळे सर बैठकीला कधी हात हलवत आले नाहीत. काखेत घडीची खुर्ची असायचीच. ती उघडून शेजारी मांडायची आणि स्वतः मात्र कॉलेजच्या डुगडुगत्या खुर्चीवर बसायचं. एकदा मी तिच्यावर टेकलो, तर चारचौघांत उठवलं. "उठा, ती बिरूची हाय!" तेव्हापासून माझा त्या खुर्चीवर दात.

सर भूगोलाचे. हवामान बदलतंय, पाऊस बेभरवशाचा झालाय, तर दुष्काळी भागासाठी सरकारनं काय करावं, असा अहवाल आम्हा तिघांना लिहायचा होता. सोबत वनस्पतिशास्त्राच्या जोशीबाई, आणि मी अर्थशास्त्राचा. सांगलीत पंख्याखाली बसून जतकडच्या माळावर झाडं लावायचं ठरलं. झाडं कुठली ते बाईंनी सांगितलं, रोजगार किती ते मी, आणि नकाशावर मीच ऐटीत लिहिलं, 'पडीक'.

सरांनी पेन खाली ठेवलं. "पडीक? आवं, हितं माझा बिरू मेंढरं चारतो! त्याला कोण इचारणार?"

बिरू त्यांचा बालमित्र. लहानपणी दोघांनी त्याच माळावर मेंढरं राखली. मग सर शिकायला मामाकडं आले आणि बिरू कळपामागं गेला. पुन्हा गाठ नाही.

सर सही करेनात! मी अक्षरशः हात जोडले. शेवटी त्यांनी आम्हा दोघांना एसटीत घालून माळावर नेलं. तिथल्या धनगरांनी कुठलं गवत कधी उगवतं, झाड कुठं चालेल, कुठं नको, सगळं दाखवलं. माझा नकाशा निम्मा पुसावा लागला, पण चराई वाचली. बिरू तेवढा भेटला नाही. कळप घेऊन लांब गेला होता.

दिवाळीनंतर कळप कृष्णाकाठी उतरले, की सर स्कूटर थांबवून प्रत्येकाला विचारत, "बिरू हाय का रं?"

"न्हाई जी."

मागं बसलेला मी वैतागायचो. "सर, त्याला तुमची आठवण तरी असेल का?" सर नुसती किक मारायचे.

रिटायर होऊन मुलीकडं साताऱ्याला निघाले, तेव्हा खुर्ची माझ्या हातात दिली. "बिरू आला तर हिच्यावर बसवा. आन् निघताना उलटी करून दावा."

मला कुठला धीर! सर गेल्या गेल्या उलटी केली. खाली कागद चिकटवलेला. कुपवाडचा पत्ता खोडलेला, माधवनगरचा खोडलेला, साताऱ्याचा ताजा. बिरूला वाचता येत नाही, म्हणून शेजारी पेन्सिलीनं रस्ता काढला होता. एसटी स्टँड, पिंपळ, पाण्याची टाकी, घर. दारात एक माणूस उभा.

यंदा दिवाळीनंतर नदीकाठी कळप दिसला. मी स्कूटर थांबवली.

"बिरू हाय का रं?"