समाधानकारक दृश्याची हमी

आमच्या शहरामागची टेकडी सोपी आहे, ही बाब वर्षानुवर्षं कोणाच्याही निदर्शनास आली नव्हती. लोक सकाळचा चहा घेऊन वर जात, पलीकडचं तळं आणि त्याच्या काठावरची घरं बघत आणि दुसऱ्या चहाला घरी परतत. हा प्रकार कोणत्याही देखरेखीशिवाय, बिनबोभाट चालू होता. अखेर ‘सुलभ टेकडी विभाग’ स्थापन झाला आणि त्याचा उपसंचालक म्हणून माझी नेमणूक झाली.

आईला आनंद झाला, पण त्यात तिचा स्वार्थ होता. तळ्याच्या काठी तिचं माहेर. वाटणीवरून मामाशी तिचं वाजलं, तेव्हा “या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही” असं ती सगळ्यांदेखत बोलून बसली, आणि आमची आई शब्दाला पक्की. मात्र टेकडीवर पाय ठेवणार नाही असं ती म्हणाली नव्हती. त्यामुळे ती अधूनमधून वर जायची, चष्मा पुसून लांबूनच घराचं लाल छप्पर बघायची, “मेल्यानं यंदाही रंग दिला नाही” असं मामाच्या नावानं पुटपुटायची आणि प्रसन्न मनानं खाली उतरायची.

आता मामानं ते घर विकलं होतं आणि घेणारा ते लवकरच पाडणार होता.

“पाडायच्या आत एकदा बघून येऊ रे,” आई म्हणाली. “गुडघे साथ देत नाहीत आता. तू नुसता हात धर.”

“थोडं थांब, आई. टेकडी सोपी करतोय आम्ही.”

“सोपीच आहे की ती.”

“सोपी आहे, पण प्रमाणित नाही.”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती मामाकडे पाहायची.

काम सोपं नव्हतं. समितीनं पुष्कळ खल करून व्याख्या ठरवली: सोपी टेकडी म्हणजे जी चढताना चढत असल्याची जाणीव होत नाही ती. जुनी पायवाट थेट वर जात असल्यानं ती जाणीव हमखास व्हायची. म्हणून ती बंद केली आणि टेकडीला वळसे घालत घालत नवी वाट नेली. चढ नावालाही उरला नाही. वाट मात्र इतकी लांबली, की आधी बाकडी टाकावी लागली, मग उपाहारगृह काढावं लागलं आणि शेवटी अर्ध्या वाटेवर मुक्कामाच्या खोल्या बांधाव्या लागल्या. अधिकाऱ्यांना रोज एवढं चालणं शक्य नसल्यानं तपासणीच्या गाडीसाठी वेगळा रस्ता केला. तो जुन्या पायवाटेवरूनच काढला, कारण तो जवळचा पडतो.

“झाली का रे टेकडी?” आई रोज विचारायची. मामाच्या घराची खिडक्या-दारं काढून नेल्याची बातमी तोवर आली होती.

“वाट झाली. आता दृश्य राहिलंय.”

कारण तेवढ्यात पहिली तक्रार आली होती. एक कुटुंब मुक्काम करून वर पोहोचलं आणि तिथे धुकं निघालं. संचालकसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

“पाटीवर काय लिहिलंय आपण?”

“वर सुंदर दृश्य दिसेल.”

“मग?”

“धुकं होतं, साहेब.”

“धुकं आपल्या अखत्यारीत येतं का?”

“नाही, साहेब.”

“मग जे अखत्यारीत नाही त्याच्या भरवशावर तुम्ही हमी देताच कशी?”

चूक धुक्याची असली तरी सही माझी होती. तोडगा साहेबांनीच काढला: दृश्याचा भलामोठा फोटो फ्लेक्सवर छापून माथ्यावर कायमचा उभा करायचा. ऊन असो, धुकं असो, दृश्य दिसलंच पाहिजे. तो कुठे उभा करायचा यावर मतभेद झाले नाहीत. येणारा प्रत्येक जण जिकडे तोंड करून उभा राहतो, त्याच बाजूला.

फोटोग्राफर बिचारा कॅमेरा घेऊन वर गेला की नेमकं धुकं पडायचं. शेवटी कंत्राटदारानं तयार असलेला, पण त्याच दर्जाचा दुसरा फोटो छापून आणला.

“साहेब, यात समुद्र आहे,” मी म्हणालो. “आपल्याकडे तळं आहे.”

“तक्रार कमी दिसल्याची होती,” साहेब म्हणाले. “जास्त दिसल्याची कोणी करणार नाही.”

आणि खरोखर कोणी केली नाही. या नव्या दृश्याच्या उद्घाटनाच्या दिवशी ऊन लख्ख होतं आणि फ्लेक्ससमोर फोटो काढायला भली मोठी रांग लागली होती. मी आईला तपासणीच्या गाडीतून वर नेलं. पाचच मिनिटं लागली. आयुष्यात काहीतरी केल्याचं समाधान मला त्या पाच मिनिटांत मिळालं.

आईनं चष्मा पुसला. समुद्र नीट न्याहाळला. नारिंगी सूर्य, शिडाची होडी.

“हा तर आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहे,” ती म्हणाली. “घर कुठंय?”

“याच्या मागे असेल, आई.”

ती फ्लेक्सच्या कडेनं जायला निघाली, तोच पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. “ओ आजी! दृश्याच्या मागे जायला मनाई आहे!”

मी अधिकारी असल्यानं नियम मोडणं मला शोभलं नसतं. पण आईला एक गोष्ट दिसली. वाऱ्यानं फाटू नये म्हणून फ्लेक्सला ठिकठिकाणी भोकं पाडलेली असतात. ती होडीपाशी गेली आणि शिडातल्या भोकाला तिनं डोळा लावला.

“आहे रे,” ती हळूच म्हणाली. “छप्पर आहे अजून.” या वेळी तिनं मामाला शिव्याही दिल्या नाहीत.

“आजी, बाजूला व्हा! आमच्या फोटोत येताय!” रांगेतून आवाज आला.

“उद्या परत आणशील?” गाडीत बसताना तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

परंतु त्याच संध्याकाळी दुसरी तक्रार दाखल झाली: दृश्याला भोकं असल्यानं फोटो खराब येतात. विभाग आता तत्पर झाला आहे. सकाळी आम्ही पोहोचेपर्यंत एकूण एक भोक चिकटपट्टीनं बंद झालं होतं. आईनं शिडावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, “चल घरी.” घर पाडलं का, हे ती अजून विचारते. मी तिला सांगतो, की उपलब्ध दृश्यात तसं कोणतंही बांधकाम आढळत नाही.

भोकांच्या तक्रारीसोबत आपण जोडलेला आपला फोटो मिळाला. समुद्रासमोर दोन्ही हात पसरून आपण फार छान उभे आहात. फक्त डाव्या बाजूला, होडीला डोळा लावून, एक पाठमोरी म्हातारी आली आहे. तेवढी कापून पाठवलीत, तर विभागाच्या नव्या माहितीपत्रकावर आपलाच फोटो छापू.