खंडेराव नेटापाशी उभे राहिले त्याची हकीकत

बोईसर, सालवड, तारापूर या तिन्ही ठाण्यांतील मंडळी चहाचे टपरीवर परस्परांस पुसत होती की, पालघरी बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीत जे विपरीत घडले ते कैसे घडले. कोणी म्हणे कौशल्य, कोणी म्हणे कपट, आणि कोणी रॅकेटीस दोष देई. सबब उभयपक्षी ऐकून, पदरचे एक अक्षर न घालता, जे जाहले ते येथे लिहिले आहे. वाचणारांनी चित्त देऊन वाचावे, आणि आपले घरी कोणी ऐसा असेल तर मनांत ठेवावे.

खासे खंडेराव, मूळ मुलूख कऱ्हाड, बावीस वर्षे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे बॉयलरखात्याचे कारभारी, वय एकोणपन्नास, परंतु दिमाख पंचविशीचा. दर रविवारी सकाळी बोईसरच्या हॉलवर स्वारी होई आणि सोबत त्यांचे कुटुंब वैभवीबाई, त्याच वसाहतीत दुसरे कारखान्यात प्रयोगशाळेच्या कामगिरीवर, बोलणे मोजके आणि नजर तेज. उभयतांनी जोडीने खेळावे हा बारा वर्षांचा शिरस्ता. त्यात बाईंनी पुढे नेटापाशी उभे राहावे आणि खाशांनी पिछाडीवरून स्मॅशचा मारा करावा, हा बंदोबस्त खंडेरावांनीच लाविला होता, आणि तो का लाविला हे पुसण्याची वहिवाट नव्हती.

मग एके दिवशी मोबाइलवर कोणा विशीतल्या गड्याचा स्मॅश पाहून खाशांचे मनी आले की आपणांसही तैसेच हत्यार पाहिजे, आणि त्यांनी काळी रॅकेट मागविली, सोनेरी नक्षीची, डोक्याकडे भारी, आणि दांडी ऐसी कडक की वाकता वाकेना. पहिले रविवारी त्यांनी वीस स्मॅश मारिले. पैकी सतरा नेटात गेले, दोन भिंतीस लागले आणि एक बाईंचे मानेवर बसला. दुसरे रविवारी कोपर सुजले. खाशांनी त्यास पट्टा बांधिला आणि दर्पण नामे शेजाऱ्यास कळविले की कामावर व्हॉल्व्ह लागला.

पालघरची स्पर्धा आठ रोजांवर आली. तेव्हां वैभवीबाईंनी पोहे वाढितां वाढितां फर्मान काढिले.

“हीच रॅकेट घेऊन खेळणार असाल तर मी दर्पण भावजींबरोबर नाव देते. तुम्ही बघायला या.”

ज्या पुरुषाने बॉयलरचा दाब लाल रेघेपार गेला असतां सदऱ्याची बाही न दुमडता तो उतरविला, त्याचे कपाळी या एका वाक्याने घाम आला. मग रॅकेट पुन्हा पारखून घ्यावी ऐसा तह जाहला, आणि उभयता स्कूटरवरून दामूचे दुकानी रुजू जाहले.

हा दामू किनाऱ्यावरील दांडी गावचा. बाप-आजे समुद्रात जाळी टाकीत, आणि हा बोईसर स्टेशनासमोर बसून रॅकेटींस तार ओढून देई. गटिंगमध्ये त्याची बरोबरी करील ऐसा त्या प्रांती दुसरा नाही. बाईंनीही आपली जुनी गुलाबी रॅकेट, तार सैल पडली म्हणोन, त्याचे हवाली केली. खंडेरावांनी गादीवर बसावे तैसे स्टुलावर बसून आपली ओळख सांगितली.

“मी मागनं मारणारा माणूस. मला डोक्याकडं भारीच लागती. त्यातली चांगली काढा.”

“काढतो ना,” दामू म्हणाला. “पन साहेब, तुमी रंग बगून रॅकेट घेता. हाताला काय वाटतं ते इचारत नाय. जरा डोले बांदू द्या.”

त्याने नॅपकिनाने खाशांचे डोळे बांधिले आणि एकामागून एक तीन हत्यारे हाती दिली. पहिली फिरवितांच खासे म्हणाले की ही पुढे ओढते आणि हात मागाहून जातो, ही कोणा नवशिक्यास द्यावी. दुसरी बरी, परंतु तिचे मनांत काही नाही. तिसरी हाती येताच मनगट मोकळे जाहले, दांडी किंचित लवून जागी येई, आणि खाशांचे मुद्रेवर समाधान पसरले.

“हीच. हिच्यात मार हाय. डोक्याकडं भारी म्हणत्यात ती ही.”

दामूने नॅपकिन सोडिला. हाती बाईंची गुलाबी रॅकेट होती, आणि जी नवशिक्यास द्यावी ऐसा हुकूम जाहला ती खाशांची स्वतःची काळी. दामूने दोन्ही बोटावर तोलून दाखविल्या. काळी डोक्याकडे कलली, गुलाबी मुठीकडे.

खंडेराव काही बोलणार, इतक्यात वैभवीबाईंनी काळी रॅकेट उचलिली, एक पिसांचे फूल उडविले आणि समोरचे भिंतीवर ऐसे हाणिले की रिक्षात झोपी गेलेला एक इसम उठून बसला. मग दामूच बोलला.

“वैनी, तुमी मागं राव्हा. साहेब पुढं.”

खाशांस वाटले, कोणी भर बाजारात पागोटे उतरविले. त्यांनी स्कूटर सालवडास घरी आणिली. जिना चढतां मात्र हळूच पुसिले, की मग इतकी वर्षे काही का बोलली नाहीस.

“बारा वर्षं पुढं वाकून उभी राहिले,” बाई म्हणाल्या. “तुमची निम्मी फुलं माझ्या पाठीत बसली. तेव्हा तुम्ही विचारलंत का?”

दुसरे दिवसापासून खंडेरावांनी गुलाबी रॅकेट घेऊन नेटापाशी उभे राहण्याचा सराव आरंभिला, आणि हॉलवरील मंडळी खोकली ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. सहा रोजांत कोपराची सूज उतरली.

पालघरी अंतिम सामना मेहुल आणि त्याची बहीण भाविका यांशी पडला. मेहुलची मसलत एकच, की समोरचे बाईकडे मारीत जावे. बाई पिछाडीस पाहून त्यास आनंद जाहला आणि त्याने फूल उंच देण्याचा सपाटा लाविला, आणि बाईंनी ते उतरविण्याचा. पहिला डाव एकवीस-चौदा ऐसा उभयतांनी जिंकिला. भाविकाने भावास दोनदा सांगून पाहिले, परंतु बाईमाणूस किती वेळ मारील या भरवशावर तो दुसरे डावातही उंचच देत गेला. वीस-एकोणीस होता त्यास अक्कल आली आणि त्याने फूल नेटालगत हळूच सोडिले. तेथे खंडेराव होते. त्यांनी मारिले म्हणावे तर तेही नाही, केवळ रॅकेट आडवी धरिली, आणि फूल पलीकडे मेहुलचे बुटापाशी पडले.

मग निवेदकाने माइकवर पुकारिले, “विजेते, श्रीयुत खंडेराव आणि सौभाग्यवती.” ते ऐकोन खासे मंचावर गेले आणि माइकापाशी तोंड नेऊन म्हणाले, “तिला नाव हाय. वैभवी. अन् ते आधी घ्या. मागनं सगळं तिनंच मारलंय.”

हे औदार्य म्हणावे, की बाई काळी रॅकेट खांद्यावर टाकून शेजारीच उभ्या होत्या त्याची जरब, याचा निवाडा लिहिणारास होत नाही. नावे मात्र नव्याने पुकारिली गेली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मास, रविवारी दोन प्रहरी, पालघर मुक्कामी वैभवीबाई व खंडेराव यांची फत्ते जाहली, ती येणेप्रमाणे दप्तरी दाखल केली असे.